वाकडी भिंत वाकडीच काढायची

जुनी इमारत मोजायला पहिल्यांदाच आलेली मुलं कागदावर खोली काढतात ती चौकोनी. चार भिंती, चार काटकोन. टेप अजून पिशवीतून बाहेरही आलेली नसते, पण खोली चौकोनी असणार हे त्यांनी धरूनच टाकलेलं असतं. आजवर ज्या खोल्या त्यांनी ड्रॉइंग बोर्डावर काढल्या त्या सगळ्या चौकोनीच होत्या. मग मापं यायला लागतात. समोरासमोरच्या भिंती सारख्या भरत नाहीत. कर्ण ताणून बघितले तर एक दुसऱ्याहून वीतभर मोठा. आणि मग दर तुकडीत येणारा प्रश्न येतोच : "मॅडम, सरासरी घेऊ का?"

सरासरी घ्यायची नाही. ऐतिहासिक वास्तूंचं दस्तऐवजीकरण शिकवताना माझी निम्मी ताकद या एका नकारावर खर्च होते, आणि ती तिथेच खर्च व्हावी असं मला मनापासून वाटतं.

बाहेरून बघणाऱ्याला हे काम सरळसोट वाटतं. इमारत उभी आहे, टेप आहे, कागद आहे. मोजा आणि काढा. प्रत्यक्षात सुरुवातीला बराच वेळ टेपला कुणी हात लावत नाही. आधी इमारतीतून नुसतं फिरायचं. मग बसून हाताने स्केच करायचं : प्लॅन (वरून दिसणारा नकाशा), सेक्शन (इमारत उभी कापल्यावर आत जे दिसेल ते), एलेव्हेशन (बाहेरून समोर दिसणारी बाजू). पट्टी नाही, स्केल नाही, पण प्रमाण राखून आणि कागदभर मोठं, कारण पुढे याच स्केचवर मापं लिहायची असतात. कोनाडा नखाएवढा काढला, तर त्याची रुंदी, उंची, खोली आणि जमिनीपासूनचं अंतर लिहायचं कुठे?

हे स्केच करताना जे घडतं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पेन्सिल खांबापाशी येते आणि थांबते. हा खांब सुटा आहे, की अर्धा भिंतीत रुतलाय? तुळई थेट खांबावर टेकलीय, की मध्ये लाकडाचा आणखी एक तुकडा आहे? ही कमान भार घेतेय, की भार मागच्या लाकडी तुळईवर आहे आणि कमान नुसती गिलाव्यात घडवलीय? फोटो काढताना यातला एकही प्रश्न पडत नाही. कॅमेऱ्याला काही ठरवावं लागत नाही. तो सगळं एकदम घेतो. पेन्सिलीला मात्र प्रत्येक रेघ कुठून निघते आणि कुठे संपते हे ठरवावंच लागतं. जिथे कळलेलं नसतं तिथे रेघ अडते. मग मुलगा उठतो, जवळ जातो, वाकून खालून बघतो, हात फिरवतो, परत येऊन ती रेघ पुरी करतो. दिवसभरात असं किती वेळा उठावं लागलं यावरून त्याला इमारत किती कळली याचा मला बऱ्यापैकी अंदाज येतो.

टेप त्यानंतर निघते. एकाने शून्याचं टोक धरायचं, दुसऱ्याने माप वाचायचं, तिसऱ्याने लिहायचं आणि लिहिलेलं मोठ्याने परत म्हणायचं. हे परत म्हणणं सोडलं की संध्याकाळपर्यंत कुठेतरी सहाचा नऊ झालेला असतो. भिंतीवरची मापं तुकड्यातुकड्याने घ्यायची नाहीत. एका कोपऱ्यात शून्य लावून टेप शेवटपर्यंत ताणायची आणि दाराची कड, खांबाची कड, खिडकीची कड असं त्याच टेपवर ओळीने वाचत जायचं. दहा खण वेगवेगळे मोजले आणि प्रत्येकात पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाले, तर शेवटी पाच सेंटिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. शून्य एकच ठेवलं तर चूक जिथल्या तिथे राहते, साचत नाही. खोलीचे दोन्ही कर्ण घ्यायचे, कारण चार बाजू कळल्या म्हणून आकार कळत नाही. त्याच चार बाजूंची खोली तिरकीही बसू शकते. तिला एका जागी बांधून ठेवतो तो कर्ण. उंचीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून सगळ्या इमारतीभर एक समपातळी फिरवायची आणि वर-खाली सगळं तिच्यापासून मोजायचं. जमिनीपासून मोजायचं नाही. जुन्या इमारतीत जमीनच समपातळीत नसते. भिंतीचा कल बघायला ओळंबा. ओळंब्याची दोरी स्थिर होईपर्यंत वाट बघावी लागते, आणि ज्याला वाट बघवत नाही त्याचं माप चुकतं.

नोंद अशाच पद्धतीने का करायची, याचं एक सुंदर उत्तर इटालियन चित्रकार रॅफेलने देऊन ठेवलं आहे. साधारण १५१९ मध्ये त्याने पोप दहाव्या लिओला उद्देशून एक पत्र तयार केलं; ते लिहिण्यात त्याचा मित्र कास्तिल्योने याचाही हात होता. प्राचीन रोमचा संगमरवर तेव्हा भट्ट्यांमध्ये भाजून चुना केला जात होता, आणि उरलंसुरलं मोजून काढून ठेवावं अशी रॅफेलची तळमळ होती. त्यात तो म्हणतो की वास्तूची नोंद तीन प्रकारांनी करावी : जमिनीवरचा नकाशा, बाहेरची भिंत आणि आतली भिंत. म्हणजेच आजच्या भाषेत प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन. आणि वास्तुविशारदाने यथार्थदर्शन टाळावं, कारण लांब जाताना आखूड होत जाणाऱ्या रेषेवरून खरं माप घेता येत नाही. यथार्थदर्शनावर ज्याची हुकूमत होती, ज्याने व्हॅटिकनच्या भिंतीवर त्या शास्त्राचा कळस गाठला, तोच माणूस हे सांगतोय. डोळ्याला जे दिसतं ते बाजूला ठेवून जे आहे ते काढायचं, हा निर्णय त्याला सोपा गेला नसणार.

आता त्या सरासरीकडे येते. का नाही घ्यायची?

एका दुमजली दगडी इमारतीत मुलांचा हिशेब काही केल्या बसेना. बाहेरून मोजलेली लांबी एकीकडे. आतल्या खोल्यांची रुंदी आणि भिंतींची जाडी यांची बेरीज दुसरीकडे. दोन्ही आकडे जुळायला हवेत. बेरजेत हातभर लांबी कमी पडत होती. एकाने सुचवलं की राहिलेला फरक सगळ्या भिंतींमध्ये थोडा थोडा वाटून टाकू, ड्रॉइंगमध्ये कुणाला कळणारही नाही. ते खरंच होतं, कुणाला कळलं नसतं. मी त्यांना पुन्हा मोजायला लावलं, आणि या खेपेला प्रत्येक आकड्यापुढे तो टेपने मोजलाय की गृहीत धरलाय हेही लिहायला सांगितलं.

त्या यादीतून सगळं बाहेर आलं. भिंतीची जाडी दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीत मोजता येते. मधल्या एका भिंतीत दार नव्हतं, खिडकी नव्हती, कोनाडासुद्धा नव्हता. तिची जाडी कुणी मोजलेलीच नव्हती. शेजारच्या भिंतींइतकी धरून चालले होते. हरवलेली लांबी त्या भिंतीत होती. पण एवढी जाड भिंत मध्येच कशाला? वरच्या मजल्यावरून गच्चीवर गेल्यावर एका मुलीला त्या भिंतीच्या माथ्यावर एक उभी, सरळ दरज दिसली. दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते. दोन भिंती पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. खाली येऊन बघितलं तर जोत्यावरची कंगोऱ्यांची पट्टी दर्शनी बाजूने धावत येऊन नेमकी त्या जागी तुटत होती, आणि तुटल्यावर पुढे सुरू होणारी पट्टी तशीच दिसत असली तरी तिचा एक कंगोरा कमी होता. म्हणजे ही एक इमारत नव्हतीच. आधी एक होती. तिच्या बाजूला टेकून कुणीतरी नंतर दुसरी बांधली आणि दर्शनी भाग एकसंध दिसेल अशी काळजी घेतली.

आणि मग आम्हाला पहिल्या दिवसापासून छळणारा प्रश्नही सुटला. एवढ्या काटेकोर इमारतीचा मुख्य दरवाजा मधोमध का नाही? तर तो मधोमधच होता. पहिल्या इमारतीच्या.

फरक भिंतींमध्ये वाटून टाकला असता तर ड्रॉइंग नीटनेटकं झालं असतं, आकडे बसले असते आणि इमारतीने सांगितलेली सगळ्यात मोठी गोष्ट आम्ही खोडरबराने पुसली असती. न जुळणारं माप आलं की बहुतेक वेळा ते मोजणाऱ्याची चूकच असते, हे मान्य. म्हणूनच पुन्हा मोजायचं. पण पुन्हा मोजूनही जे जुळत नाही ते इमारतीचं म्हणणं असतं, आणि ते लिहून घेणं हेच आपलं काम.

वास्तुकलेच्या इतिहासात याचं सगळ्यात मोठं उदाहरण अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराचं आहे. जेम्स स्ट्युअर्ट आणि निकोलस रेव्हेट १७५१ मध्ये अथेन्सला पोचले. आधीच्या प्रवाशांनी केलेली चित्रं त्यांना भोंगळ वाटत होती. आपण स्वतः चढून, खणून मोजायचं असं ठरवून ते गेले होते. त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६२ मध्ये निघाला आणि युरोपभर ग्रीक पद्धतीच्या इमारतींची लाट आली. पण पार्थेनॉनचा चौथरा त्यांनी सरळ काढला. सरळ दिसत होता, सरळच असणार. पुढे काही अभ्यासकांना त्यात बाक असल्याचं जाणवलं, आणि १८४६-४७ मध्ये फ्रान्सिस पेनरोजने तिथे मुक्काम करून ते बारकाईने मोजलं. साडेएकोणसत्तर मीटर लांबीच्या बाजूवर चौथरा मध्ये सुमारे ११ सेंटिमीटर वर उचललेला होता. आखूड, ३१ मीटरच्या बाजूवर सुमारे ६. खांब किंचित आत कललेले, कोपऱ्यातले खांब किंचित जाड. १८५१ मध्ये पेनरोजने हे प्रसिद्ध केलं. जी इमारत सरळ रेषांचा आदर्श म्हणून जगभर नकलली जात होती तिच्यात सरळ रेष शोधावी लागत होती. आणि हा बाक कारागिरांच्या ढिलाईने आलेला नव्हता. प्रत्येक दगड त्या बाकासाठी मुद्दाम वेगळा घडवलेला होता. आधीच्यांचा डोळा कमी होता असं मी म्हणणार नाही. काय असायला हवं हे ज्याला आधीच माहीत असतं त्याची टेपसुद्धा त्याच्या बाजूने बोलते.

हे विद्यार्थ्यांना सांगितलं की ते माना डोलावतात, आणि मग कॉम्प्युटरवर बसून अर्धी एलेव्हेशन काढून 'मिरर' करतात. या एका कमांडवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. नव्या इमारतीसाठी ती ठीक. जुन्या इमारतीची डावी बाजू उजव्या बाजूसारखी आहे हे कुणी ठरवलं? तीच गोष्ट एक खांब काढून तो बारा वेळा चिकटवण्याची.

एका खांबाच्या तळखड्याचं सांगते. एका विद्यार्थिनीला मी तो पूर्ण आकारात काढायला दिला होता. त्यासाठी एक कंगव्यासारखं साधन असतं. त्याचे बारीक दाते दगडावर दाबले की कंगोऱ्याचा आकार त्यात उमटतो आणि तो कागदावर गिरवता येतो. तिने पुढची बाजू गिरवली आणि काम झालं म्हणून उठायला लागली. मी चारही बाजू मागितल्या. ती थोडी नाराजीनेच परत बसली. दुसरी बाजू पहिलीसारखीच निघाली. तिसऱ्या बाजूला गोलाई थोडी चपटी होती. चौथी बाजू भिंतीकडे तोंड करून होती, जेमतेम हात जाईल एवढी फट. तिथे कंगोरे नव्हतेच. नुसता ढोबळ उतार आणि त्यावर छिन्नीचे तिरके, एकसारखे घाव, जसे घडवताना पडले तसे. कुणी बघणार नाही अशा बाजूला कारागिराने हात थांबवला होता. पण नुसता थांबवला नव्हता. त्या ढोबळ उतारावर कंगोऱ्यांच्या कडा कुठे यायच्या याच्या बारीक आखणीच्या रेघा कोरलेल्या होत्या. म्हणजे काम कसं पुढे जात होतं ते तिथे शिल्लक होतं : आधी ढोबळ उतार, मग आखणी, मग कंगोरे. पुढच्या तीन बाजूंवर ही पायरी पूर्णत्वाखाली दडून गेली होती. त्या मुलीने त्या रेघा टॉर्च आडवा धरून, तिरक्या उजेडात, एकेक करून उतरवल्या. संध्याकाळी तिने ते शीट मला दाखवलं तेव्हा तिला मी काही सांगण्याची गरज नव्हती.

अशा नोंदींचा पुढे उपयोग काय, असं पालक विचारतात, कधी मुलंही विचारतात. उत्तर द्यायला मला पॅरिस आठवतं. २०१४ मध्ये रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतेसो हे दोघे तिथल्या एकोल द शायो या संस्थेत ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचं शिक्षण घेत होते. अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी नोत्र दाम कॅथेड्रलच्या छपराखालचा लाकडी सांगाडा मोजायला घेतला. मुख्यतः तेराव्या शतकातलं ओकचं काम. इतकं दाट की लोक त्याला 'जंगल' म्हणत. खालून ते कुणाला दिसत नसे. हे दोघे वर चढून एकेक कैची, म्हणजे छप्पर पेलणारी लाकडी चौकट, मोजत राहिले : कुठे कोणता सांधा आहे, कुठे खुंटी आहे, कोणत्या वाश्याला किती बाक आहे. ओकची झाडं जशी वाढली तशी त्या सुतारांनी वापरली होती, त्यामुळे लांबून एकसारख्या दिसणाऱ्या कैच्या जवळून एकसारख्या नव्हत्या. एक काढून बाकीच्या चिकटवायची सोय इथेही होती. यांनी ती घेतली नाही. १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी तो सांगाडा जळून गेला.

पुढे तो जसाच्या तसा ओकमध्ये उभा करायचं ठरलं तेव्हा या ड्रॉइंगचा आधार मिळाला. सुतारांनी ओले ओंडके कुऱ्हाडीने तासून कैच्या घडवल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं. फ्रोमाँ तोवर फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तूंच्या मुख्य वास्तुविशारदांपैकी एक झाले होते आणि याच कामावर होते. त्या ड्रॉइंगला हात घालताना त्यांनी पाच वर्षांनी आग लागेल असं धरलेलं नव्हतं. अभ्यास म्हणून केलेलं काम होतं, पण शेवटच्या खुंटीपर्यंत केलेलं होतं.

वॉर्साची गोष्ट याहून करुण आहे. तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये ओस्कर सोस्नोव्स्की या प्राध्यापकांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोलंडच्या जुन्या इमारतींची मोजणी विद्यार्थ्यांकडून पद्धतशीर करून घेतली. सुट्ट्यांमध्ये मुलं गावोगाव जाऊन मोजत, आणि ड्रॉइंग विभागात जमा होत. सप्टेंबर १९३९ च्या वेढ्यात सोस्नोव्स्की जखमी होऊन मरण पावले. त्यांच्या सहकाऱ्यांनी तो संग्रह सांभाळला आणि नंतर त्यातला मोठा भाग शहराबाहेर काढून प्योत्रकुफ इथल्या एका मठात लपवला. १९४४ च्या उठावानंतर नाझींनी जुनं वॉर्सा घर न घर उद्ध्वस्त केलं. युद्ध संपल्यावर पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हा अठराव्या शतकातल्या बेलोत्तो या चित्रकाराची शहराची दृश्यं उपयोगी पडली, आणि ही मोजलेली ड्रॉइंगही. चित्रावरून इमारत कशी दिसत होती ते कळतं. खिडकीची चौकट घडवायला माप लागतं. पुन्हा उभं राहिलेलं जुनं वॉर्सा १९८० मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. त्या संग्रहातल्या कित्येक कागदांवर विद्यार्थ्यांचे हात आहेत, आणि त्यातले अनेक विद्यार्थी युद्धानंतर राहिले नव्हते.

कागद जपला म्हणून वाचला, हेही तितकंच खरं. अजिंठ्याच्या बाबतीत तसं झालं नाही. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या मोठाल्या प्रतिकृती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये आग लागली तेव्हा तिथे ठेवलेल्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टमधल्या विद्यार्थ्यांना घेऊन ते काम पुन्हा सुरू केलं. पेस्तनजी बोमनजी त्यातलेच. हिवाळ्यामागून हिवाळे ते तिथे राबले. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनमध्येच दुसऱ्या आगीत गेल्या. हे वाचताना माझा जीव कळवळतो, पण त्या इतिहासातली आणखी एक बाब मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळी मूळ चित्रांवर व्हार्निश लावलं गेलं. ते पिवळं पडलं, आणि त्यातून चित्रांचं नुकसान झालं. नोंद करणाऱ्याच्या हातून वास्तूला इजा होऊ शकते, चांगल्या हेतूनेसुद्धा. म्हणून आमच्यात भिंतीवर खडूची खूण नाही, दोरी बांधायला खिळा नाही, दरजेत चिमटा खुपसायचा नाही, आणि गिलाव्याखाली काय आहे ते बघायला नखाने खरवडायचं तर मुळीच नाही. शिडी कशाला टेकवायची हे मला विचारल्याशिवाय ठरत नाही.

लेझर स्कॅनर असताना हे सगळं कशाला, असा प्रश्न आता हमखास येतो. स्कॅनर मिळाला तर मी आनंदाने वापरते. उंच घुमट, हात न पोचणारी कमान, वाकलेली भिंत यांचं माप तो ज्या अचूकतेने देतो ती टेपला जमणार नाही. नोत्र दामचंच बघा : अँड्र्यू टॅलन या अभ्यासकाने २०१० मध्ये केलेल्या लेझर स्कॅनमध्ये इमारतीच्या पृष्ठभागावरचे अब्जाहून जास्त मोजलेले बिंदू होते, आणि आगीनंतर ते फार उपयोगी ठरले. पण बिंदूंच्या त्या ढगाला भिंत कुठे संपली आणि गिलाव्याचा फुगा कुठे सुरू झाला हे माहीत नसतं. दोन भिंती पाठीला पाठ लावून आहेत हेही त्याला कळत नाही. त्याला फक्त पृष्ठभाग कळतो. सेक्शन काढायचा म्हणजे इमारत कापून दाखवायची, आणि कापल्यावर आत काय दिसेल ते स्कॅनरने पाहिलेलं नसतं. तिथे रेघ माणसालाच ओढावी लागते, आणि ती ओढण्याइतकी समज त्या इमारतीत हात-पाय मळवल्याशिवाय येत नाही. शिकणाऱ्याने आधी टेप धरावी, मग स्कॅनर, असा माझा आग्रह आहे.

अचूकतेबद्दलही एक भ्रम असतो. मुलं सांगतात की आम्ही मिलिमीटरपर्यंत मोजलं. १:५० च्या, म्हणजे पन्नासपट लहान केलेल्या, ड्रॉइंगमध्ये पाव मिलिमीटर जाडीची शाईची रेघ म्हणजे प्रत्यक्षात साडेबारा मिलिमीटर. तेवढं तर रेघेच्या पोटातच जातं. १:२० ला तीच रेघ पाच मिलिमीटर. म्हणून कोणती गोष्ट कोणत्या स्केलला काढायची हे आधी ठरवायचं, आणि रेघेत न मावणारा बाक किंवा कल आकड्याने लिहायचा. भिंत वरच्या टोकाला एक सेंटिमीटर बाहेर गेलीय हे १:५० ला दिसणार नाही. शेजारी लिहिलं तर पुढच्या माणसाला कळेल. दहा वर्षांनी तोच आकडा दोन झाला असेल, तर भिंत अजून सरकतेय हे सांगणारा तो एकमेव पुरावा असू शकतो.

यासाठीच मला अंतिम, शाईने केलेल्या सुंदर शीटइतकीच, खरं तर त्याहून जास्त, कच्ची पानं महत्त्वाची वाटतात. घामाने ओलसर झालेली, खोडाखोडीची, समासात बाण काढून 'हे पुन्हा बघ' असं लिहिलेली. अमेरिकेत १९३३ मध्ये चार्ल्स पीटरसन यांच्या प्रस्तावातून ऐतिहासिक इमारतींच्या मोजणीचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, आधी मंदीत बेकार झालेल्या वास्तुविशारदांना काम म्हणून आणि पुढे उन्हाळ्यात विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन, त्यात ड्रॉइंगचं साहित्य पाचशे वर्षं टिकेल असं लागतं, आणि जागेवर घेतलेल्या मूळ नोंदीही लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे जातात. हे मला फार पटतं. शंका आली तर शीट आणि इमारत यांच्या मधला पुरावा म्हणजे ती पानं. मी मात्र उलटंही पाहिलं आहे : वर्ष संपलं, मार्क लागले, आणि कपाट रिकामं करायचं म्हणून कच्च्या पानांचे गठ्ठे रद्दीत. त्यातल्या काही इमारती आता उभ्या नाहीत.

म्हणून माझ्या तुकड्यांना काही गोष्टी सक्तीच्या आहेत. प्रत्येक पानावर तारीख. कुणी मोजलं, कुणी लिहिलं, कशाने मोजलं. जे टेपने मोजलं ते अखंड रेघेत, जे अंदाजाने धरलं ते तुटक रेघेत, आणि ही दोन्ही कधीही एकमेकांत मिसळायची नाहीत. इमारतीच्या मालकाला पूर्ण संचाची एक प्रत; त्याने दार उघडलं नसतं तर काहीच झालं नसतं, आणि उद्या दुरुस्ती काढली तर पहिला उपयोग त्यालाच आहे. आणि जिथे पोचता आलं नाही, तिथे मनाने भरून काढायचं नाही. पांढरं सोडायचं आणि लिहायचं : 'इथे मोजता आलं नाही.' हे लिहायला मुलं सुरुवातीला फार कचरतात. शीटवरची मोकळी जागा त्यांना मार्क गेल्यासारखी वाटते. मी त्या जागेला मार्क देते.

त्या पाठीला पाठ लावलेल्या भिंतींच्या इमारतीचा माळा पहिल्या तुकडीला मोजता आला नव्हता. तक्तपोशी कुजलेली होती आणि मी कुणाला वर चढू दिलं नाही. प्लॅनवर तेवढा भाग पांढरा राहिला. नंतर मालकाने फळ्या बदलून घेतल्या आणि पुढच्या वर्षीची मुलं वर गेली. जुन्या शीटची प्रत सोबत घेऊन त्यांनी तो भाग वेगळ्या रंगाच्या शाईने भरला आणि खाली आपली नावं आणि तारीख घातली. उतरताना त्यांनी आधीच्यांची तीन मापं पुन्हा तपासली. दोन बरोबर निघाली, तिसऱ्यात चार सेंटिमीटरचा फरक होता. जुना आकडा त्यांनी खोडला नाही, शेजारी आपला लिहिला. पश्चिमेकडचा कोपरा अजून पांढराच आहे. तिथे वाकूनसुद्धा जाता येत नाही, आणि पुढची तुकडी काय युक्ती काढते ते बघायचंय.